हातातला एक्का मागे का राहतो?

पत्त्यांच्या खेळाचा पहिला प्रोग्राम लिहिणाऱ्यांना एक चूक हमखास छळते. हातातली सगळी इस्पिकं काढायची सूचना दिलेली असते, तरी एखादं इस्पिक शिल्लक राहतं, आणि तेही दर वेळी नाही. मग संशय पत्ते पिसण्यावर जातो. पिसणं बहुधा बरोबरच असतं; चूक असते ती अ‍ॅरेत ठेवलेल्या हातातून पत्ते काढण्यात.

अ‍ॅरेमधला (एका ओळीत ठेवलेल्या मूल्यांच्या संचातला) इंडेक्स (शून्यापासून मोजलेला क्रमांक) पत्त्याला चिकटलेला नसतो. तो जागेचा असतो. दवाखान्याच्या बाकावरून मधला रुग्ण उठून गेला की मागचे सगळे एकेक जागा पुढे सरकतात, तसंच इथे घडतं.

बदाम सत्ती, इस्पिक राणी, इस्पिक एक्का, चौकट गुलाम असा हात घ्या. लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करणारी रचना) क्रमांक १ वर आला आणि राणी निघाली. एक्का २ वरून १ वर सरकला. लूप मात्र पुढे २ वर गेला, जिथे आता गुलाम आहे. एक्का तपासलाच गेला नाही. दोन इस्पिकं शेजारी आली तरच हे घडतं, म्हणून चूक लहरी वाटते.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत अ‍ॅरेचं काम करणारी लिस्ट याबद्दल कसलीच तक्रार करत नाही, त्यामुळे शोध अवघड होतो. तपासताना पिसणं तात्पुरतं बंद ठेवावं, वरचाच हात द्यावा आणि प्रत्येक फेरीत क्रमांक व पूर्ण लिस्ट छापून पाहावी. दुरुस्तीसाठी शेवटाकडून सुरुवातीकडे तपासत यावं, किंवा ठेवायचे पत्ते नव्या लिस्टमध्ये घ्यावेत. दुसरा मार्ग वाचायलाही सोपा.