मेजावर मावणारें एन्.एम्.आर. यंत्र

"मूर्ति लहान, पण कीर्ति महान," अशी आपल्यांत म्हण आहे. परंतु शास्त्राच्या प्रांतांत मूर्ति लहान असून भागत नाहीं. कीर्ति खरी कीं खोटी, हें कसोटीस लावून पाहावें लागतें. प्रयोगशाळेच्या मेजावर मावणाऱ्या एन्.एम्.आर., म्हणजे अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन मापणाऱ्या यंत्राविषयीं हाच प्रश्न उभा राहतो. कोणत्या गुणांनीं तें या नांवास पात्र ठरतें?

प्रथम त्याची गरज पाहूं. साधा मद्यार्क आणि मिथाईल मद्यार्क हे दोन्ही द्रव पाण्यासारखे स्वच्छ. नुसत्या डोळ्यांस वा नाकास त्यांतील भेद सहसा कळत नाहीं. परंतु दुसरा द्रव थोडा जरी पोटांत गेला, तरी दृष्टि जाते. प्रसंगीं प्राणही जातो. सन २०१५ च्या जून महिन्यांत मालाडच्या मालवणी वस्तींत अशाच विषारी दारूनें शंभरांहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. आपल्या वसईपासून मालाड कांहीं फार दूर नाहीं.

या दोन द्रवांतील भेद त्यांच्या रेणूंच्या रचनेंत आहे, आणि रचना ओळखणें हेंच या यंत्राचें काम. हायड्रोजनच्या अणूचें केंद्र म्हणजे जणूं एक सूक्ष्म लोहचुंबक. भोंवरा फिरतां फिरतां डोलूं लागतो, हें तुम्हीं अंगणांत पाहिलें असेल. बळकट चुंबकाच्या क्षेत्रांत हें केंद्रही तसेंच डोलतें. क्षेत्र जितकें बळकट, तितकें डोलणें जलद. १.४ टेस्लाच्या क्षेत्रांत तें सेकंदास सुमारें ६ कोटि वेळां डोलतें. त्याच कंपनसंख्येच्या रेडिओलहरी सोडल्या कीं केंद्र प्रतिसाद देतें, हेंच अनुस्पंदन. अमेरिकेंत ब्लॉख व पर्सेल यांनीं १९४६ सालीं तें स्वतंत्रपणें दाखवून दिलें व १९५२ चें नोबेल पारितोषिक मिळविलें.

परंतु रेणूंतील सारे हायड्रोजन एकाच सुरांत गात नाहींत. प्रत्येकाभोंवतींचें इलेक्ट्रॉनांचें आवरण निराळें, म्हणून सूरही किंचित् निराळा. साध्या मद्यार्काच्या रेणूंत एका कार्बनावर तीन, दुसऱ्यावर दोन व ऑक्सिजनावर एक असे सहा हायड्रोजन असतात. म्हणून आलेखावर ३, २ व १ या प्रमाणांत तीन शिखरें उमटतात. मिथाईल मद्यार्काच्या कार्बनाचें शिखर निराळ्या जागीं उभें राहतें, आणि भेसळ उघडी पडते. मद्यार्काचा हा तीन शिखरांचा आलेख १९५१ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांतून प्रसिद्ध करणाऱ्या तिघां शास्त्रज्ञांत, आरनॉल्ड व पॅकर्ड यांच्या समवेत, आपले एस्. एस्. धर्मट्टी होते, हें अभिमानानें सांगावेंसें वाटतें. पुढें त्यांनींच मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत या विषयाचा पाया घातला.

कुलाब्याच्या त्या संस्थेंत १९८३ पासून मोठ्या क्षेत्राच्या यंत्रांची राष्ट्रीय सोय आहे. परंतु तसल्या चुंबकाची तार द्रवरूप हीलियमनें उणें २६९ अंशांपर्यंत थंड ठेवावी लागते, आणि त्यास स्वतंत्र दालन लागतें. लहानशा कॉलेजास किंवा बोईसर-तारापूरच्या छोट्या कारखान्यास तो खर्च कसा पेलावा? येथेंच मेजावरचें यंत्र उपयोगीं पडतें. त्याच्या कसोट्या चार.

पहिली, त्याचा चुंबक कायमचा असावा. निओडिमियमसारख्या धातूच्या मिश्रणाचा. म्हणजे हीलियम नको, घरगुती वीज पुरे. दुसरी, चुंबकाचें बळ पेटीच्या आंतच राहावें, जवळ बसणाऱ्यास त्याचा उपसर्ग नसावा. तिसरी, नेहमींच्या पांच मिलिमीटर जाडीच्या कांचनळींतील नमुना त्यास चालावा.

चौथी कसोटी सर्वांत कठीण. रेणूंतील सुरांचा फरक दशलक्षांत कांहीं भाग इतकाच असतो. म्हणून नमुन्याभर क्षेत्र इतकें एकसारखें असावें लागतें कीं त्यांत सुमारें दहा कोटींत एका भागापेक्षां अधिक फरक पडूं नये. कायमचा चुंबक तापला कीं क्षीण होतो; यास्तव त्याची उष्णताही स्थिर राखावी लागते. बियांतील तेलाचें किंवा पाण्याचें प्रमाण सांगणारीं कांहीं लहान यंत्रें याच तत्त्वावर चालतात व तींही उपयुक्त आहेत. परंतु तीं शिखरें दाखवीत नाहींत, म्हणून त्यांस वर्णपटमापक म्हणतां येत नाहीं. मद्यार्काचीं तीन शिखरें जें सुटीं सुटीं दाखवील, तेंच खरें.

मर्यादाही सांगितली पाहिजे. या यंत्राचें क्षेत्र एक ते दोन टेस्लांच्या आसपास. मोठ्याचें बारा टेस्ला व त्याहूनही अधिक. म्हणून प्रथिनांसारख्या थोर रेणूंचीं शिखरें येथें एकमेकांत मिसळतात, आणि अत्यल्प प्रमाणांतील द्रव्य नजरेंतून सुटूं शकतें. अशा वेळीं कुलाब्याची वाट धरावीच लागते.

विद्यार्थीमित्रहो, बाटलीवरील चिठ्ठी कोणीही लिहूं शकतो. आंतील द्रवाची साक्ष मात्र त्याचे अणूच देतात. ती साक्ष ऐकण्याचें साधन आतां शाळा-कॉलेजांच्या मेजापर्यंत येऊं पाहत आहे. तें येईल तेव्हां तीं तीन शिखरें वाचतां यावीं, इतकी तयारी तुम्हीं आजपासूनच करावी.