लेबलावर तेहोकोते, बाटलीत पिवळी कण्हेर

सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात २३ महिन्यांच्या एका निरोगी बालकास उलट्या होऊ लागल्या. रुग्णालयात तपासले असता रक्तदाब कमी व नाडी मंद आढळली. वजन घटविण्यासाठी इंटरनेटवरून मागविलेले एक पूरक बालकाने खाल्ले होते. लेबलावर तेहोकोते या मेक्सिकोतील फळझाडाच्या मुळाचे नाव होते. रक्तात मात्र डिगॉक्सिनची चाचणी सकारात्मक आली. पुढे त्याच नावाची १० उत्पादने ऑनलाइन विकत घेऊन तपासली, तेव्हा ९ पिवळी कण्हेर निघाली. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याबाबत इशारा दिला.

ही पिवळी कण्हेर म्हणजे आपल्या कुंपणावरची बिट्टी. मूळची अमेरिका खंडातील असल्याने संहितोक्त करवीराहून ती भिन्न, तथापि विषक्रिया त्याच जातीची. हिची सर्व अंगे विषारी असून बीज विशेष उग्र. त्यातील ग्लायकोसाइड्स हृदयपेशींतील सोडियम-पोटॅशियम पंप रोखतात. परिणामी गती मंदावते, वहनात अडथळा येतो, रक्तातील पोटॅशियम वाढते. रेणुरचना डिगॉक्सिनसदृश असल्याने त्या चाचणीत ती उमटतात, परंतु त्या आकड्यावरून विषाची मात्रा ठरविता येत नाही.

आपल्याकडे करवीर औषध नियमांच्या अनुसूची ई(१) मध्ये आहे. पोटात घ्यावयाच्या औषधात ते असल्यास वैद्यकीय देखरेखीची सूचना लेबलावर छापावी लागते. अमेरिकेत मात्र १९९४ च्या कायद्यानुसार आहारपूरकास विक्रीपूर्व मंजुरी लागत नाही. आणि सुकवून कापलेले मूळ अनुभवी वैद्यालाही नुसत्या डोळ्यांनी ओळखणे कठीणच.

मळमळ, अशक्तता व मंद नाडी घेऊन रुग्ण आला, तर ‘औषध घेता का?’ एवढेच विचारून भागत नाही. पूरक हे त्याच्या लेखी औषध नसते, म्हणून तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. ‘वजनासाठी काही मागविले आहे का?’ असे विचारावे आणि बाटली आणावयास सांगावी. अशा वेळी वमनाच्या मोहात न पडता, लक्षणे सौम्य वाटली तरी, ईसीजी व अतिदक्षतेची सोय असलेल्या रुग्णालयात रुग्ण त्वरित पाठवावा. सोबत बाटलीही द्यावी. आधीच डिगॉक्सिन घेणाऱ्या हृदयरुग्णास धोका अधिक.

औषधालयचालकांनी ग्राहकाच्या आग्रहाखातर अशा बाटल्या मागवून देऊ नयेत. आयात पूरकाच्या वेष्टनावर आयातदाराचा पत्ता व एफएसएसएआय परवाना क्रमांक नसेल, तर तो माल दुकानात ठेवूच नये.