शब्द दिला होता म्हणून

मंडळी, १७ एप्रिल १९९९ आठवतोय ना? वाजपेयींचे सरकार २६९ विरुद्ध २७० असे एका मताने पडले. ब्रिटनमध्ये आल्यावर आम्हाला कळले की इथेही २० वर्षे आधी असेच झाले होते. त्यामागची गोष्ट मात्र वेगळीच आहे.

आधी 'पेअरिंग' समजून घेऊ. वेस्टमिन्स्टरमध्ये मत द्यायला खासदाराने स्वतः हजर राहावे लागे. कुणी आजारी असला की दोन्ही पक्षांचे व्हिप आपसात ठरवत, आमचा एक येत नाही, तुमचाही एक थांबवा. याला ना कायदा, ना सही-शिक्का. सगळा कारभार विश्वासावर. (आम्ही आय.टी.वाले एवढ्याशा बदलालाही लेखी मंजुरी मागतो!)

२८ मार्च १९७९ रोजी कॅलाहन यांच्या मजूर सरकारवर अविश्वास ठराव आला. मजूर पक्षाचे डॉ. आल्फ्रेड ब्रॉटन तेव्हा अत्यवस्थ होते. पक्षाचे व्हिप वॉल्टर हॅरिसन हुजूर पक्षाच्या बर्नार्ड वेदरिल यांच्याकडे गेले. अशा ठरावाला पेअरिंग नसते आणि आमच्यातला कुणी तयार होणार नाही, असे वेदरिलनी सांगितले. पण आजारी माणसासाठी जोडी देईन असा शब्द त्यांनी पूर्वी दिला होता, म्हणून मी स्वतःच मत देत नाही, म्हणाले! त्यात त्यांची राजकीय कारकीर्द संपली असती. ते ओळखून हॅरिसननी त्यांना शब्दातून मोकळे केले. सरकार ३१० विरुद्ध ३११ ने गेले. ब्रॉटन काही दिवसांतच वारले.

हे वेदरिल शिंपीकाम करणाऱ्या घरातले. महायुद्धात भारतीय घोडदळात होते आणि चक्क शाकाहारी, बरं का! १९८३ मध्ये ते सभापती झाले. दोन्ही बाजूंना चालणारा माणूस.

आता दुसरी बाजू. जुलै २०१८ मध्ये खासदार जो स्विन्सन बाळंतपणाच्या रजेवर होत्या. त्यांच्या जोडीला थांबलेल्या हुजूर पक्षाच्या अध्यक्षांनी ऐन अटीतटीच्या वेळी मत देऊन टाकले. चूक झाली म्हणून माफी मागितली, पण गेलेला भरवसा कसा परत येणार? जानेवारी २०१९ मध्ये ब्रेक्झिटच्या मतदानाला ट्युलिप सिद्दीक यांनी पेअरिंग नाकारले, सिझेरियन पुढे ढकलले आणि व्हीलचेअरवरून येऊन मत दिले. त्याच महिन्यात सभागृहाने बाळंतपणासाठी दुसऱ्यामार्फत मत द्यायची सोय केली. ती पहिल्यांदा वापरली सिद्दीक यांनीच.