रडारच्या नजरेखालचं आभाळ

अमेरिकेच्या मध्यभागी, टेक्सासपासून उत्तरेकडे डाकोटापर्यंत, गव्हामक्याची सपाट शेतं पसरलेली आहेत. एप्रिल-मे महिन्यांत तिथल्या रस्त्यांच्या कडेला ट्रायपॉड लावून क्षितिजाकडे डोळे लावलेली माणसं दिसू लागतात. वादळांचा माग काढणारी ही मंडळी ‘स्टॉर्म चेसर’ म्हणून ओळखली जातात. जिवावर उदार झालेले रिकामटेकडे, अशी त्यांची संभावना पुष्कळदा होते आणि काही जणांच्या बाबतीत ती रास्तही असते. तरीही या छंदातून निघालेली छायाचित्रं म्हणजे हवामानशास्त्राचा अस्सल पुरावा आहे आणि रडार-उपग्रहांच्या काळातही त्याची गरज सरलेली नाही, असं माझं ठाम मत आहे. अट एकच: फोटो कधी, कुठून आणि कोणत्या दिशेला तोंड करून काढला, हे सांगता आलं पाहिजे.

हा छंद नेमका याच मुलखात का रुजला, याचं उत्तर हवेत आहे तसंच जमिनीतही आहे. वसंतात मेक्सिकोच्या आखातावरून दमट, उबदार वारा जमिनीलगत आत शिरतो. नैर्ऋत्येच्या कोरड्या पठारांकडून आलेली हवा त्याच्यावर झाकणासारखी बसते आणि आणखी वर पश्चिमेचे वेगवान वारे वाहत असतात. दुपारच्या उन्हानं झाकण फुटलं की ढग तासाभरात पंधरा किलोमीटरपर्यंत उंची गाठतो. उंचीनुसार वाऱ्याची दिशा आणि वेग बदलत असल्यानं वर चढणारा प्रवाह स्वतःभोवती फिरू लागतो. हा फिरता ढग म्हणजे ‘सुपरसेल’. मोठ्या गारा आणि सर्वांत विध्वंसक टोर्नेडो, म्हणजे जमिनीला टेकलेले वाऱ्याचे भोवरे, बहुतेक वेळा त्याच्याच पोटातून निघतात. खाली जमिनीवर 1785च्या कायद्यानं सुरू झालेल्या मोजणीनुसार चौरस मैलांचे तुकडे पाडलेले आहेत आणि त्यांच्या कडांनी बुद्धिबळाच्या पटासारखे सरळ रस्ते गेले आहेत. डोंगर नाही, झाडी विरळ. चाळीस-पन्नास किलोमीटरवरचा ढगही नजरेत मावतो आणि त्याच्या चालीप्रमाणे जागा बदलता येते.

आता पुराव्याकडे येऊ. 2 एप्रिल 1957 रोजी डॅलस शहरात टोर्नेडो घुसला, तेव्हा अनेकांनी त्याचं चित्रण केलं. हवामानशास्त्रज्ञ वॉल्टर होएकर यांनी त्या फिल्ममधल्या उडत्या ढिगाऱ्याची हालचाल चौकटीमागून चौकट मोजली आणि ताशी सुमारे 270 किलोमीटरपर्यंतचे वेग काढून दाखवले. वारा मोजायला गेलेलं यंत्र जिथे टिकलं नसतं, तिथे लांबून घेतलेली फिल्म कामी आली. त्याच वर्षी जूनमध्ये नॉर्थ डाकोटातल्या फार्गोवर टोर्नेडो कोसळला. हवामानशास्त्रज्ञ टेड फुजिता यांनी रहिवाशांनी काढलेले सुमारे दोनशे फोटो गोळा केले, प्रत्येकाची जागा आणि वेळ निश्चित केली आणि त्यातून त्या ढगाची सारी रचना उभी केली. ढगाच्या तळाखाली उतरलेल्या भागासाठी आज हवामान निरीक्षक सर्रास वापरतात तो ‘वॉल क्लाउड’ हा शब्द याच अभ्यासातला. पुढे 24 मे 1973 रोजी ओक्लाहोमातल्या युनियन सिटीचा टोर्नेडो संशोधकांच्या पथकानं जन्मापासून विरेपर्यंत चित्रित केला आणि त्याच वेळी नॉर्मन इथलं, वाऱ्याचा वेग मोजणारं डॉप्लर रडार त्या ढगावर रोखलेलं होतं. चित्रण आणि रडारच्या नोंदी शेजारी ठेवल्यावर टोर्नेडोची वेगाची खूण रडारवर कशी उमटते, हे कळलं. देशभर डॉप्लर रडारचं जाळं उभारण्यामागे हा दाखला होता.

जाळं उभं राहिल्यावर फोटोंचं काय काम, हा आक्षेप वजनदार आहे. पण रडारची शलाका सरळ रेषेच्या जवळपास जाते आणि पृथ्वी तिच्याखाली वळत जाते. अर्धा अंश कलानं सोडलेली शलाका शंभर किलोमीटरवर जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचीवर असते. टोर्नेडो तिच्याखाली घडतो. ओक्लाहोमातल्या एल रीनो इथे 31 मे 2013 रोजी 4.2 किलोमीटर रुंदीचा टोर्नेडो झाला, तेव्हा गाडीवरचं फिरतं रडार जवळ होतं आणि असंख्य चेसरही होते. संशोधकांनी त्यांची चित्रणं मागवली आणि वेगवेगळ्या कॅमेऱ्यांत टिपलेल्या एकाच विजेच्या लखलखाटावरून सगळ्यांच्या वेळा जुळवल्या. रडारला वरच्या थरात भोवरा दिसण्याच्या काही मिनिटं आधीच फोटोत तो जमिनीवर दिसत होता. टोर्नेडो वरून खाली उतरतो, ही जुनी समजूत त्यामुळे पुन्हा तपासावी लागली.

फोटो फसवतो, हा दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. एप्रिल 1991मध्ये कॅन्ससच्या महामार्गावर टोर्नेडो येताना एका वार्ताचमूनं पुलाखाली आसरा घेतला आणि तिथूनच चित्रण केलं. ते टीव्हीवर वारंवार दाखवलं गेलं आणि पुलाखाली माणूस सुरक्षित असतो, असा समज पसरला. खरं तर पुलाखालच्या चिंचोळ्या जागेत वारा जास्त जोरानं घुसू शकतो. 3 मे 1999 रोजी ओक्लाहोमात पुलांखाली थांबलेली तीन माणसं दगावली. चित्रण खोटं नव्हतं, पण कोणता भोवरा, किती जोराचा, किती अंतरावरून गेला हे न सांगता ते फिरत राहिलं. म्हणूनच मी नोंदीची अट इतकी आग्रहानं मांडतो आहे.

आणि धोका? एल रीनोच्याच टोर्नेडोनं टिम सॅमरस, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग यांचा बळी घेतला. सॅमरस हे थरारासाठी धावणारे नव्हते. 2003 साली साउथ डाकोटातल्या मँचेस्टर इथे त्यांनी ठेवलेल्या उपकरणानं टोर्नेडोच्या पोटात हवेच्या दाबातली 100 मिलिबारची घट नोंदवली होती. इतक्या जाणत्या माणसाचाही अंदाज चुकू शकतो, याचा अर्थ जवळ जाण्याला मर्यादा हवी. आणि इथे छायाचित्राची बाजू भक्कम आहे, कारण सुपरसेलची अख्खी रचना पंधरा-वीस किलोमीटरवरूनच चौकटीत बसते. फार जवळ गेलं की दिसतो तो पावसाचा करडा पडदा. वादळं साधारण ईशान्येकडे सरकतात, म्हणून अनुभवी चेसर आग्नेयेला थांबतात आणि दक्षिणेकडे निघून जायचा रस्ता मोकळा ठेवतात.

आपल्याकडे असे सुपरसेल नेहमीचे नाहीत, पण मराठवाडा-विदर्भाला वळीव आणि गारपीट नवी नाही. 2014च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये रब्बीची उभी पिकं आणि फळबागा झोपल्या होत्या. पीकविम्यात गारपिटीची भरपाई असेल तिथे खबर 72 तासांत द्यावी लागते आणि गारा तर अर्ध्या तासात वितळतात. गारेशेजारी मोजपट्टी किंवा नाणं ठेवून, मोबाइलचं लोकेशन चालू ठेवून काढलेला फोटो शेतकऱ्याच्या हाती पुरावा देतो, शिवाय दोन रडारांच्या मधल्या गावात किती मोठ्या गारा पडल्या हे अभ्यासकालाही सांगतो. विजा थांबून अर्धा तास होईपर्यंत मात्र तो दारातूनही काढू नये. घराच्या आत राहून मिळेल तेवढंच टिपावं.