परिक्रमेचे पुस्तक आणि आपले पाय

दसरा-दिवाळी झाली की नर्मदा परिक्रमेला निघणाऱ्यांची दवाखान्यात ये-जा सुरू होते. बहुतेक जण नुकतेच निवृत्त झालेले असतात. हातात परिक्रमेचे मार्गदर्शक पुस्तक असते आणि त्याची पाने जागोजागी दुमडलेली असतात. "डॉक्टरसाहेब, एक फिटनेस सर्टिफिकेट द्या आणि वाटेत लागतील तेवढ्या गोळ्या लिहून द्या," एवढीच मागणी असते. मी आधी ते पुस्तक मागून घेतो.

ही पुस्तके उपयोगाची असतात, यात शंका नाही. नर्मदा 1,312 किलोमीटर लांब आहे. दोन्ही काठ धरले तर 2,600 किलोमीटरच्या वर चाल होते. मैया कायम उजव्या हाताला ठेवायची, तिचे पात्र ओलांडायचे नाही, विमलेश्वरहून नावेने मिठी तलाईला जायचे, चातुर्मासात एके ठिकाणी थांबायचे, हे सारे नवख्याला पुस्तकातूनच कळते. आजचा मुक्काम कुठे, उद्याचे गाव किती लांब, सदावर्त कुठे मिळेल, हेही त्यात असते. पण पुस्तकाला वाट माहीत असते. वाचणाऱ्याची साखर, रक्तदाब आणि गुडघे माहीत नसतात. ती माहिती ज्याची त्याने पुस्तकात भरायची असते.

प्रकृतीची काळजी घेणारी वाटेची पुस्तके फार जुनी आहेत. स्पेनमध्ये सांतियागोच्या यात्रेला लोक शेकडो किलोमीटर पायी जातात. त्या वाटेचे बाराव्या शतकातील लॅटिन मार्गदर्शक आजही उपलब्ध आहे. त्यात कोणत्या नदीचे पाणी प्यावे आणि कोणत्या नदीचे पिऊ नये, हे नावानिशी दिले आहे. एका खाऱ्या नदीकाठी सुऱ्या परजत बसलेल्या दोघांना लेखकाने विचारले, तर त्यांनी पाणी चांगले असल्याचे सांगितले. घोडे ते पाणी प्यायले आणि मेले, आणि त्या दोघांनी लगेच त्यांची कातडी सोलली, अशी हकीकत त्यात आहे. पाण्याविषयी कोणाच्या तोंडी शब्दावर विसंबू नये, हा धडा आजही खरा आहे.

छपाईचे वर्ष पाहा

पुस्तक घेताना पहिल्यांदा आवृत्तीचे वर्ष पाहावे. बरगी, इंदिरासागर, ओंकारेश्वर आणि सरदार सरोवर या धरणांनी जुनी काठाची वाट बऱ्याच ठिकाणी पाण्याखाली घेतली आहे. सरदार सरोवराचे दरवाजे 2017 साली बंद झाले आणि 2019 साली धरण प्रथमच पूर्ण भरले. आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी-अक्कलकुवा भागातील काठही त्यात बुडाला. त्याआधीच्या पुस्तकात दहा किलोमीटरवर दाखवलेले गाव आज वळसा घालून दुप्पट लांब असू शकते, किंवा तिथे नसूही शकते. दुपारच्या उन्हात, पाण्याची बाटली संपल्यावर हे कळले तर तो आरोग्याचाच प्रश्न होतो. म्हणून रोज सकाळी पुढच्या टप्प्याची खात्री मुक्कामाच्या आश्रमात करून घ्यावी.

मुक्कामाचा तक्ता आपला आपण करा

पुस्तकातला तक्ता लिहिणाऱ्याच्या पायांनी मोजलेला असतो. रोज 20 किलोमीटर आणि आठवड्याला एक दिवस विश्रांती धरली तर पाच महिने लागतात. 15 किलोमीटर धरले तर साडेसहा महिने, म्हणजे कार्तिकात निघालेला माणूस वैशाखाच्या उन्हात सापडतो. तेव्हा सकाळी 11 ते दुपारी 4 चालणे बंद ठेवावे. इतका काळ झेपणार नसेल तर खंड परिक्रमा करावी. त्यात कमीपणा काही नाही.

निघण्यापूर्वी तीन महिने चालण्याचा सराव हवा. सुरुवात रोज तीन-चार किलोमीटरने करावी आणि शेवटच्या महिन्यात पाठीवर पिशवी घेऊन चालावे. पिशवीचे ओझे स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आत ठेवावे. बूट नवे कोरे नेऊ नयेत. चालताना छातीत दडपण येत असेल किंवा दम लागत असेल, तर हृदयाची तपासणी झाल्याशिवाय तारीख ठरवू नये.

मधुमेही वाचकांसाठी

माझ्या एका रुग्णाची हकीकत सांगतो. वय साठीपुढचे, मधुमेह बारा वर्षांचा. तपासणी न करता ते निघाले. पुस्तकात एका दिवसाचा टप्पा 28 किलोमीटरचा होता, तो त्यांनी पूर्ण केला. बुटात एक खडा दिवसभर होता. तळपायाची संवेदना गेलेली असल्याने तो कळलाच नाही. संध्याकाळी मोज्याला रक्त दिसले. "दुखत तर नाही," म्हणून ते आणखी पाच दिवस चालले. घरी आले तेव्हा पायाचे एक बोट काळे पडले होते, ते काढावे लागले.

दुखत नाही हे मधुमेह्याच्या पायाचे सुख नव्हे, तोच खरा धोका आहे. म्हणून जाण्याआधी तळपायाची संवेदना तपासून घ्यावी. ती कमी असेल तर अनवाणी परिक्रमेचा संकल्प सोडावा. मैया त्याने रागावणार नाही. बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवावा. रोज रात्री लहान आरसा धरून तळवे पाहावेत. फोड आला तर फोडू नये, स्वच्छ पट्टीने झाकावा आणि तो भरेपर्यंत मुक्काम हलवू नये.

दुसरी गोष्ट साखर उतरण्याची. रोजची चाल वाढली की इन्सुलिन आणि काही गोळ्यांचा डोस कमी करावा लागतो. तो मनाने करू नये, डॉक्टरांकडून लिहून घ्यावा. हात थरथरणे, घाम फुटणे, डोके गरगरणे असे झाले तर लगेच तीन चमचे साखर खावी. साखर खिशात हवी, पिशवीच्या तळाशी नव्हे.

पाणी, कुत्रे आणि साप

नर्मदाजल आपल्याला पवित्र आहे, पण पिताना ते उकळावे, किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबावे. पाणी नुसते फडक्याने गाळून निर्जंतुक होत नाही. जुलाब लागल्यास ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात मिसळून घ्यावे. ते नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे.

कुत्रा चावला तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजची पहिली लस घ्यावी. पुढचे डोस वाटेतल्या सरकारी दवाखान्यात वेळच्या वेळी पूर्ण करावेत. साप चावल्यास चीर देऊ नये, आवळून बांधू नये. अवयव न हलवता रुग्णालय गाठावे. मध्य प्रदेश, गुजरात व महाराष्ट्र या तिन्ही राज्यांत 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. धनुर्वाताची लस निघण्यापूर्वीच घ्यावी.

डासांपासून जपावे, मच्छरदाणी जवळ ठेवावी. वाटेत थंडी वाजून ताप आला तर रक्त तपासून घ्यावे. हिवतापाचा एक प्रकार परतल्यावर कित्येक महिन्यांनीही डोके वर काढतो. त्यामुळे घरी आल्यानंतर ताप आला तर "मी नर्मदाकाठी होतो" हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

पुस्तकाच्या शेवटी एखादे पान कोरे असतेच. त्यावर स्वतःचे नाव, रक्तगट, असलेले आजार, चालू औषधे व त्यांचे डोस, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का, आणि घरचा फोन नंबर ठळक अक्षरात लिहून ठेवा. एखाद्या अनोळखी गावात आपल्याला बोलता आले नाही, तर तिथल्या डॉक्टरला सर्वांत आधी तेच पान लागेल.