नावेचे माळवद

उत्तर ध्रुवाकडचे इन्युइट शिकारी सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून कयाक करीत. आम्ही इस्लापूरकर, पैनगंगेच्या संथ डोहासाठी (सहस्रकुंडाचा धबधबा दूर ठेवून बरे!) प्लायवूडची केली. वरचे झाकण, म्हणजे डेक, मी माळवदासारखे सपाट बसवले. पाणी साचले, सांध्यांतून झिरपले. नाव जड होऊन भर डोहात कलली. वडील सुतार, शाळेचे तोंड न पाहिलेले. म्हणाले, "माळवदाला बी उतार ठेवतेत की रं!"

मग आडव्या दांड्यांना मधोमध उंचवटा दिला. पातळ प्लायवूड मधून कडांकडे वाकवीत स्क्रू मारले. कडांपासून मारले असते तर मध्ये फुगले असते. आतून रंग मात्र आधीच द्यावा. डेक बसल्यावर तिथे हात पोहोचत नाही. पहिल्या खेपेस तेही विसरलो होतो.