आगंतुक खिडक्यांचा बंदोबस्त : हुडकेश्वरच्या घरगुती संगणकावरून घेतलेला मागोवा

इंटरनेटवरील जाहिरातींचा इतिहास बहुतेक वेळा त्या करणाऱ्या कंपन्यांच्या बाजूने सांगितला जातो आणि त्यामुळे पॉप-अपचा, म्हणजे वाचत असलेल्या पानावर न मागता उघडणाऱ्या जाहिरातीच्या वेगळ्या खिडकीचा, उल्लेख वाचकाची चिडचिड करणारा एक प्रकार एवढ्यावरच थांबतो. नागपूरच्या दक्षिण टोकाला, म्हाळगी नगर चौकाच्या पुढे पसरत गेलेल्या हुडकेश्वरसारख्या वस्तीतून याच काळाकडे पाहिले तर दुसरी बाब ठळकपणे समोर येते. येथे पॉप-अप ही गैरसोय होतीच, पण त्याआधी तो खर्च होता, आणि हा खर्च जाहिरातदाराच्या नव्हे तर पाहणाऱ्याच्या खिशातून जात होता. पॉप-अप अडवण्याच्या धडपडीला येथे काटकसरीचे जे वळण लागले, ते यामुळे. आणि ती धडपड पुढे मंदावली, त्यालाही खर्चाचे हे गणित बदलल्याचेच कारण झाले.

भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने सुरू केले आणि खासगी कंपन्यांना या व्यवसायाची मुभा 1998 च्या अखेरीस मिळाली. त्या सुमारास हुडकेश्वर हे ग्रामपंचायतीचे गाव होते, शेताचे लेआउट पाडून विकलेल्या प्लॉटांवर नोकरदारांची घरे उठू लागली होती, आणि महानगरपालिकेच्या हद्दीत येण्यास अजून बराच अवकाश होता. बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून, सुटे भाग जोडून घेतलेला असेंबल्ड संगणक, त्यात बसवलेला मोडेम आणि मोडेमला जोडलेली घरातील टेलिफोनची तार, अशी त्या काळच्या घरगुती इंटरनेटची साधी मांडणी असे. मोडेमचा कागदावरचा वेग सेकंदाला 56 किलोबिट होता, प्रत्यक्षात तो 45 च्या आसपास मिळाला तरी समाधान मानले जाई. इंटरनेटचे तास आगाऊ विकत घ्यावे लागत, फोनचे बिल त्यावर वेगळे येई, आणि जोडणी चालू असेतो घरचा फोन एंगेज राही. अशा स्थितीत 60 किलोबाइटचे चित्र असलेली एक जाहिरात उतरायला दहा-अकरा सेकंद घेई, आणि पानागणिक अशा दोन-तीन खिडक्या उघडल्या की दहावी-बारावीचा निकाल पाहण्यासाठी बसलेल्या कुटुंबाचा मिनिटभराचा वेळ, आणि त्या मिनिटाचे पैसे, निकाल दिसण्यापूर्वीच खर्ची पडत.

पॉप-अपची कल्पना ज्या ठिकाणी जन्मली तेथे तिच्यामागे दुष्ट हेतू नव्हता. 1990 च्या दशकात ट्रायपॉड या अमेरिकी संकेतस्थळावर कोणीही स्वतःचे पान फुकट तयार करू शकत असे. एका मोटार कंपनीची जाहिरात तेथील एका अश्लील पानावर झळकली, कंपनीने तक्रार केली, आणि जाहिरात पानावर न लावता शेजारी वेगळ्या खिडकीत उघडली तर तिचा पानाशी संबंध जोडला जाणार नाही, असा तोडगा तेथे काम करणाऱ्या ईथन झुकरमन यांनी काढला. पानाला नवी खिडकी उघडण्याची आज्ञा देण्याची सोय जावास्क्रिप्ट या भाषेत, म्हणजे पान उघडल्यावर वाचकाच्याच संगणकावर चालणाऱ्या सूचनांच्या भाषेत, आधीपासून होती. तिचा हा उपयोग तेवढा नवा होता. झुकरमन यांनी 2014 मध्ये एका लेखातून त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली, तोपर्यंत जगातील कोट्यवधी वाचकांनी त्या तोडग्याचे परिणाम भोगले होते.

पुढे या साध्या आज्ञेच्या भोवती बरीच कारागिरी जमली. खिडकी पानाच्या वर न उघडता मागे लपून उघडे, त्यामुळे सारी पाने मिटल्यावरच ती नजरेस पडे आणि नेमकी कोणत्या संकेतस्थळाने ती सोडली हे कळायला मार्ग उरत नसे. हिला पॉप-अंडर म्हणत. एक खिडकी मिटताच दोन उघडणाऱ्याही असत. काही जाहिरातींत बंद करण्याची फुली ही खरी फुली नसून चित्राचाच भाग असे, तिच्यावर टिचकी मारली की जाहिरातदाराचे पान उघडे, आणि विंडोजच्या राखाडी खणासारख्या दिसणाऱ्या चित्रात ‘तुमच्या संगणकात दोष आढळला’ असा मजकूर लिहून खाली होय-नाहीची दोन बटणे रंगवलेली असत, जी दोन्ही एकाच ठिकाणी नेत. माउसला हात न लावता आल्ट आणि एफ-4 या कळा एकत्र दाबून खिडकी मिटवावी, हे त्या वेळचे सर्वांत उपयुक्त ज्ञान होते. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना 2001 मध्ये झाली आणि त्याच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने राज्यभरातील कारकून, शिक्षक आणि गृहिणींना संगणकाची ओळख करून दिली, हे त्याचे श्रेय मोठे आहे. या युक्त्या मात्र वर्गापेक्षा शेजारच्या मुलाकडूनच अधिक शिकल्या गेल्या असाव्यात.

2002-03 च्या सुमारास आलेला एक प्रकार तर ब्राउजर, म्हणजे पाने पाहण्याचा प्रोग्रॅम, बंद असतानाही छळत असे. कार्यालयातील संगणकांना एकमेकांस निरोप धाडता यावेत म्हणून विंडोजमध्ये मेसेंजर सर्व्हिस नावाची एक सोय होती, जिचा गप्पा मारण्याच्या मेसेंजरशी काही संबंध नव्हता, आणि घरगुती संगणकावर ती विनाकारण चालू स्थितीत येई. जाहिरातदारांनी तिचे दार ठोठावायला सुरुवात केली, तेव्हा इंटरनेट जोडताच फक्त ओकेचे बटण असलेले राखाडी खण पडद्यावर टपकू लागले, आणि असे खण बंद करण्याचा प्रोग्रॅम विकत घ्या, अशी जाहिरातही कधी कधी त्याच खणातून केली जाई. ज्याला विंडोजच्या सेवांच्या यादीत जाऊन ही एक सेवा थांबवता येत असे, तो गल्लीत संगणकतज्ज्ञ ठरे.

मराठी वाचकाची एक अडचण मात्र खास त्याचीच होती आणि तिचा विचार या विषयावर क्वचितच झालेला दिसतो. युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांतील अक्षरांना जगभर एकच क्रमांक देणारी पद्धत, रुळण्यापूर्वी मराठी दैनिकांची संकेतस्थळे आपापला वेगळा फॉन्ट वापरत, तो संगणकात नसला की बातमीच्या जागी निरर्थक रोमन चिन्हांची रास दिसे, आणि तो बसवण्यासाठी समोर येणाऱ्या खणाला होकार द्यावा लागे. मराठी वाचायचे तर खणात विचारलेल्या प्रश्नाला ‘होय’ म्हणायचे, ही सवय अशा रीतीने एका रास्त कारणासाठी अंगवळणी पडली; आणि नेमक्या तशाच खणातून फुकट टूलबार, हवामान दाखवणारी चित्रे आणि गाणी उतरवून देणारे प्रोग्रॅम घरात शिरत. हेच ते अ‍ॅडवेअर, म्हणजे संगणकातच ठाण मांडून, कोणतेही पान उघडा, स्वतःच्या जाहिराती दाखवत राहणारे सॉफ्टवेअर. यानंतर दोष संकेतस्थळाचा उरत नसे, संगणकच बाटलेला असे, आणि ब्राउजरमध्ये कितीही बंदोबस्त केला तरी तो व्यर्थ जाई.

अशा वेळी ‘फॉरमॅट मारणे’ हाच सर्वमान्य उपाय होता: हार्ड डिस्क पुसायची, विंडोज नव्याने टाकायचे आणि लग्नाचे फोटो दुसऱ्या भागात वाचले असतील तर देवाचे आभार मानायचे. थोडा अधिक धीर असलेले लोक अ‍ॅड-अवेअर किंवा स्पायबॉट यांसारखी फुकट मिळणारी साफसफाईची साधने चालवीत. याच मागणीवर पुण्यात एक मराठी उद्योगही मोठा झाला. कैलास काटकर यांच्या यंत्रदुरुस्तीच्या व्यवसायातून आणि त्यांचे बंधू संजय यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधून उभे राहिलेले क्विक हील हे मुळात विषाणूंविरुद्धचे साधन होते, ज्या दुकानदाराने संगणक जोडून दिला त्याच्याच हातून ते घरोघर पोचले, 2007 मध्ये कंपनीने तेच नाव धारण केले आणि 2016 मध्ये तिचे समभाग शेअर बाजारात आले. विदर्भातील लहान दुकानदारापर्यंत जाणारे, मराठी बोलणारे असे विक्रीचे जाळे परदेशी कंपन्यांकडे नव्हते. अँटिव्हायरसांच्या मुदत संपत आल्याच्या खिडक्या पुढे स्वतःच एक उपद्रव होऊन बसल्या, हेही येथे नोंदवायला हवे.

सर्वांत स्वस्त आणि आजही विचार करण्याजोगा उपाय होस्ट्स फाइलचा होता. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधण्यापूर्वी संगणक आपल्याजवळच्या एका साध्या मजकुराच्या फाइलीत डोकावतो. विंडोजमध्ये ती सिस्टीम-32 च्या आत ड्रायव्हर्स आणि त्याच्या आत ईटीसी या फोल्डरमध्ये असते. नोटपॅडने ती उघडून जाहिराती पुरवणाऱ्या सर्व्हरच्या नावापुढे 127.0.0.1 हा अंक लिहिला की ते नाव स्वतःच्याच संगणकाकडे वळते, तेथे जाहिरात नसतेच, आणि त्या जागी कोरा चौकोन दिसतो. नवी यादी अधूनमधून उतरवून चिकटवावी लागे एवढाच त्रास. पण जाहिरात दिसल्यावर ती मिटवण्याऐवजी ती तारेतून येऊच न देणारा हा उपाय असल्याने फोनचे पैसे खऱ्या अर्थाने वाचत. खिडक्या मिटवणारे प्रोग्रॅम बहुधा जाहिरात येऊ लागल्यावर जागे होत, त्यामुळे त्यांनी मनस्ताप कमी केला, तरी खर्चाला पुरता आळा घातला नाही.

ब्राउजरच्या पातळीवरील बंदोबस्त ऑपेराने 2000 च्या सुमारास आणला, 2002 मध्ये मोझिलाने तो सुधारला, आणि त्यामागचे तत्त्व आजतागायत टिकले आहे: वाचकाने टिचकी मारल्यामुळे उघडणारी खिडकी चालू द्यायची, पान उतरताना आपोआप उघडणारी अडवायची. 2003 मध्ये गूगलच्या टूलबारमध्ये ही सोय आली आणि किती खिडक्या अडवल्या याचा आकडा तो दाखवू लागला. ऑगस्ट 2004 मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकमधून इंटरनेट एक्सप्लोररलाही हा पहारा दिला, त्याच पॅकने मेसेंजर सर्व्हिस बंद करून टाकली, आणि जागतिक इतिहासात येथे पॉप-अपचे पर्व संपल्याची नोंद होते. हुडकेश्वरपुरते ते तेव्हा संपणे शक्य नव्हते. त्या पॅकची पूर्ण फाइल 260 मेगाबाइटांच्या वर होती, डायल-अपवर ती उतरायला जोडणी न तुटता बारा-तेरा तास लागले असते, आणि एक्सपीच्या ज्या चोरट्या प्रतींची किल्ली जगभर फुटली होती त्यांवर तो बसतच नसे. संगणक मासिकांबरोबर येणाऱ्या सीडी आणि दुकानदाराने फॉरमॅट मारताना टाकलेली नवी प्रत, याच वाटांनी हा पहारा घराघरांत उशिराने पोचला.

जानेवारी 2005 मध्ये भारत संचार निगमने ब्रॉडबँड सुरू केले तेव्हा मिनिटांची धास्ती गेली आणि मेगाबाइटांची आली. स्वस्त योजनांत ठरावीक मर्यादेपुढील प्रत्येक मेगाबाइटचे पैसे पडत, आणि काही योजनांत रात्री 2 ते सकाळी 8 पर्यंतचा वापर मोजला जात नसे, म्हणून चित्रपट उतरवायला लावून झोपण्याची पद्धत पडली. एव्हाना जाहिरातदारांनी वेगळी खिडकी सोडून पानाच्या आतच तरंगणारे फ्लॅशचे हलते पडदे आणले होते, जे खिडक्या मोजणाऱ्या पहाऱ्याला दिसतच नसत. त्यावर उतारा ठरला तो मोझिलाच्या फायरफॉक्स या ब्राउजरला जोडायच्या अ‍ॅडब्लॉकचा आणि 2006 मध्ये व्लादिमीर पालांट यांनी हाती घेतलेल्या अ‍ॅडब्लॉक प्लसचा; स्वयंसेवकांनी राखलेल्या याद्यांशी प्रत्येक विनंती ताडून जाहिरातीची विनंती संगणकाबाहेर पडू न देणे, असे त्याचे काम होते, म्हणजे होस्ट्स फाइलचीच ती अधिक चतुर आवृत्ती होती. 2011 च्या अखेरीस मात्र ‘स्वीकारार्ह’ जाहिरातींना वाट देण्याचे धोरण त्याने आणले आणि मोठ्या कंपन्यांकडून त्यासाठी पैसे घेतले जाऊ लागले. पहारेकऱ्याने टोल घ्यावा तसा हा प्रकार होता. 2014 मध्ये रेमंड हिल यांनी सुरू केलेल्या यूब्लॉककडे, आणि पुढे यूब्लॉक ओरिजिनकडे, जाणते वापरकर्ते वळले त्यामागे हेही एक कारण होते.

जाहिरात पानात नसून वाटेतच घातली जाऊ शकते, हे भारतात 2015 मध्ये उघड झाले, जेव्हा बंगळुरूच्या थेजेश जी. एन. यांनी एअरटेलच्या 3जी जोडणीवरून येणाऱ्या पानांत परका जावास्क्रिप्ट मजकूर मिसळला जात असल्याचे दाखवून दिले. ग्राहकांना स्वतःचा डेटावापर कळावा यासाठी तो होता असे कंपनीने सांगितले, आणि ते तंत्र पुरवणाऱ्या इस्रायली कंपनीने थेजेश यांनाच कायदेशीर नोटीस धाडली. अशा भेसळीवर खरा इलाज एचटीटीपीएस हा, म्हणजे पान संकेतस्थळापासून वाचकापर्यंत कुलूपबंद नेण्याचा ठरला, आणि तो ग्राहकाच्या हातात नव्हता, संकेतस्थळाच्या मालकाच्या हातात होता.

सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आले, मेगाबाइटची किंमत नगण्य झाली, आणि अडवण्यामागची काटकसर ओसरली. जाहिरात आता फुकट नव्हती तरी फुकटासारखी वाटू लागली, आणि घरातील ब्राउजरला कोणते जोडसाधन, म्हणजे अ‍ॅडब्लॉकसारखा जोडायचा प्रोग्रॅम, लावलेले आहे हे तपासण्याचे कारण उरले नाही. ही ढिलाई काय अडवायचे हे ठरवण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हाती जाण्याच्या काळातच आली, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. पॉप-अप, आवाज करीत आपोआप चालणारे व्हिडिओ आणि उलटी गणती दाखवून थांबवून ठेवणाऱ्या जाहिराती स्वतः गाळण्याची व्यवस्था गूगलच्या क्रोम ब्राउजरने 2018 मध्ये काही देशांत आणि 9 जुलै 2019 पासून जगभर लागू केली. वाचकाला तिचा लाभ झाला हे निर्विवाद आहे, पण कोणती जाहिरात असह्य आणि कोणती सह्य याचा निवाडा, जिच्या उत्पन्नाचा मोठा भाग जाहिरातींतून येतो अशा कंपनीच्या ब्राउजरमध्ये होऊ लागला. त्यानंतर क्रोमने जोडसाधनांचे नियमच बदलले. पूर्वी जोडसाधन प्रत्येक विनंती वाटेत पाहून तिचा निकाल लावू शकत असे. नव्या व्यवस्थेत ते नियमांची यादी आगाऊ देते आणि अंमल ब्राउजर करतो. सुरक्षितता आणि वेग ही कारणे गूगलने दिली, आणि ती अगदीच पोकळ नाहीत, कारण सारी पाने पाहू शकणारे जोडसाधन लबाड निघाले तर अनर्थ होतो. 2024-25 मध्ये यूब्लॉक ओरिजिनची जुनी पूर्ण आवृत्ती मात्र क्रोमवरून हद्दपार झाली, तिची हलकी आवृत्ती उरली, आणि फायरफॉक्सवर पूर्ण आवृत्ती पूर्वीसारखीच चालत राहिली.

पॉप-अपने दरम्यान आणखी एक रूप घेतले आहे, ज्यापुढे वरील कोणताही पहारा आपोआप उभा राहत नाही. 2015 पासून संकेतस्थळांना ब्राउजर मिटलेला दिसत असतानाही सूचना धाडता येतात, फक्त वाचकाने एकदा ‘परवानगी द्या’ म्हणायला हवे. ‘तुम्ही यंत्रमानव नाही हे दाखवण्यासाठी परवानगी द्या’ अशा बतावणीने ती मिळवली जाते आणि मग पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात बनावट विषाणूचे इशारे आणि झटपट कर्जाची आमिषे येत राहतात. उपाय ब्राउजरच्या सेटिंग्जमध्ये साइटच्या परवानग्यांखाली सूचनांच्या यादीत आहे: अनोळखी नावासमोरील तीन ठिपके दाबून ते काढून टाकायचे. हे काम मिनिटभराचे असते, आणि ते त्या त्या संगणकावर बसणाऱ्यालाच करावे लागते.